राजा शेवटल्या पंगतीचा

ऐका बायांनो, शेवटल्या पंगतीची कहाणी. ती कोपऱ्यातली पेंगतेय, तिला चिमटा काढा. आटपाट नगर होतं, तुम्ही मिरवता त्या माहेराहून जरा लहानच. तिथं एक राजा होता. त्याचा वसा काय? श्रावणी सोमवारी गावजेवण घालावं, आपल्या हातानं वाढावं. आधी माणसं, मग भागी हत्तीण, मग आपण. हौसाराणी थट्टा करी, "महाराज, भाजी संपली." राजा म्हणे, "मीठ तर आहे ना?" मग दोघं हसत, मीठभाकर खात.

पुढं राजा गेला, वसा मोडला. राजपुत्र म्हणे, "मी राजाच्या पोटचा, पहिलं ताट माझं." सेनापती म्हणे, "माझ्या मनगटात जोर, पहिलं ताट माझं." ओढाओढीत अन्न मातीत गेलं. मग विहिरी आटल्या, मग गुरं आटली, मग गावाचं हसणं आटलं.

गाव म्हणालं, "जुनी रीत करू. भागी माळ घालील तो राजा." राजपुत्रानं गळ्याला गूळ फासला. भागीनं गूळ चाटला, वर माळ खाल्ली. सेनापती उसाची मोळी घेऊन उभा राहिला. भागीनं ऊस खाल्ला, वर माळ खाल्ली. हसता काय? तुमचे जावई याहून वेगळं काय करतात?

मग तिसरी माळ घेऊन भागी निघाली, ती थेट परसात. तिथं राणी जुन्या जागी एकटीच बसलेली, पुढं मीठभाकर. सोमवारच होता. भागीला बघून तिनं भाकर पुढं केली. भागीनं माळ राणीच्या गळ्यात घातली.

राजपुत्र म्हणाला, "आई, मग मी?"

"तू उपरणं खोच आणि वाढायला लाग. सेनापती, तुम्हीपण. शेवटी जेवेल तो राजा."

मग चुली पेटल्या, पानं मांडली, गाव जेवलं. म्हातारी माणसं ढेकर देत "बाळा, पुरे" म्हणाली, राजपुत्रानं आग्रह करून आणखी वाढलं. शेवटी भाकर एकच उरली.

"सेनापतीकाका, आधी तुम्ही बसा."

"छे छे, आधी तुम्ही!"

काल पहिल्या ताटाला भांडले, आज शेवटल्याला! राणीनं भाकर उचलली नि भागीला दिली. दोघं बघतच राहिले. मग राजपुत्राला हसू फुटलं. "जाऊ दे, आई. मीठ तर आहे ना?"

राणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेच शब्द, तेच हसू. तिनं आपली माळ काढली, लेकाच्या गळ्यात घातली. सेनापतीनं मिठाची वाटी पुढं धरली, "घ्या, महाराज." मग तिघं मीठ चाखत हसत बसले. विहिरींना पाणी आलं.

हौसाराणीला जुनं हसू परत मिळालं, तसं तुम्हाआम्हाला मिळो. साठां उत्तरांची कहाणी पांचांत आटोपली, सुफळ झाली. उठा आता, पानं मांडा. आणि जिला फार भूक लागलीय, तिनंच वाढायला घ्यावं.