तक्त्यात बघून करणारा ऑपरेटर

एका गावात एक भोळा ऑपरेटर होता. गाव आमचंच आणि ऑपरेटर मीच, म्हणून नाव विचारू नका.

गावच्या दूध केंद्रावर फॅट मोजायचं यंत्र होतं आणि दूध चार अंशांपर्यंत थंड करायची मोठी टाकी होती. दोन्ही माझ्या ताब्यात. काही बिघडलं की यंत्र बोंब मारायचं आणि पडद्यावर नुसता एक आकडा दाखवायचं. आकड्याचा अर्थ भिंतीवरच्या तक्त्यात. मला वाचता येतं म्हणून नोकरी मिळाली. विचार करता येतो का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

एकदा चार आकडा आला. तक्त्यात होतं, 'नळी तुंबली. कोमट पाण्याने धुवा.' मी साबण लावून अख्खं यंत्र धुतलं आणि उन्हात वाळत घातलं.

चेअरमन जालिंदरतात्या धावत आले.

"आरं, नळी धुवायची व्हती! आन् त्याच्या आधी वायर काढायची. काय बी झालं की पयली वायर काढायची. कळलं?"

"कळलं, तात्या."

नवं यंत्र आलं. त्यावर सात आकडा आला. 'कागद संपला.' मी लगेच वायर काढली. यंत्राची काढली, शंका नको म्हणून टाकीचीही काढली आणि घरी जाऊन पोटभर जेवलो. परत येईपर्यंत सगळं दूध नासलं होतं.

"आरं शहाण्या, कागद संपला तर कागद घालायचा! जे कमी पडंल ते घालायचं!"

"घालतो, तात्या."

मग नऊ आला. 'फॅट कमी.' दूध नेमकं तात्यांच्याच म्हशीचं. मी घरी पळालो, बायकोचा तुपाचा डबा आणला आणि तात्यांच्या किटलीत रिकामा केला. फॅट असं चढलं की तालुक्याच्या दूध संघाने तात्यांनाच भेसळीची नोटीस काढली. बायको अजून माझ्याशी धड बोलत नाही.

तात्यांनी कपाळाला हात लावला.

"आता सवताचं डोकं चालवू नगंस. तक्त्यात लिवलंय तेवढंच करायचं, बास! उद्या संघाचं सायब तपासायला येत्यात. आता घोळ घातलास तर केंद्राला कुलूप लागंल. गावानं दूध कुठं घालायचं मग?"

मला रडूच आलं. गावाचं वाटोळं व्हावं असं माझ्या मनात कधीच नव्हतं. मी सगळा तक्ता तोंडपाठ केला.

सकाळी टाकी दुधाने निम्म्याच्या वर भरली. यंत्र गुमान चाललं होतं. एकही आकडा नाही. एवढ्यात तात्या कुडकुडत आले आणि बाकावर आडवे झाले.

"ताप आलाय रं. बघ जरा किती हाय."

थर्मामीटर लावला. एकशे दोन! हा आकडा तक्त्यात नव्हता. पण 'तापमान जास्त' होतं. समोर लिहिलं होतं, 'लगेच टाकीत सोडून थंड करा.'

गोळीचं नाव कुठेच नव्हतं, म्हणून गोळी दिली नाही. तात्या गुंगीत होते, त्यामुळे फारसा विरोध झाला नाही. टाकीतली ढवळणी मात्र मी आठवणीने बंद केली. तेवढी अक्कल मला आहे.

थोड्याच वेळात संघाचे साहेब आले. नमुना घ्यायला त्यांनी झाकण उघडलं. आत गळ्यापर्यंत दुधात चेअरमन.

"अहो, हे काय?" साहेब किंचाळले.

मी झाकण परत लावत म्हणालो, "घाई करू नका, साहेब. चार अंशांवर आले की काढतो."