शेवटची चार बोटं साल

शाळा मी सातवीतच सोडली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच येतील, तेवढं सांभाळून घ्या. गोष्ट मात्र ऐकली तशीच सांगतो.

फार वर्षांपूर्वी चीनच्या उत्तरेकडच्या डोंगरात, ओढ्याला लागून एक गाव होतं. ओढ्याच्या ओलसर काठाला ॲशची झाडं वाढायची. आपल्याकडे त्याला वेगळं नाव नाही. लाकूड असं चिवट, की वाकेल पण मोडणार नाही. म्हणून कुऱ्हाडीचे दांडे त्याचेच आणि बर्फावरून ओढायच्या गाड्याही त्याच्याच. तोडता तोडता गावात एकच झाड उरलं. ते गु शान वैद्यानं राखलं, कारण त्याची साल औषधी होती. साल पाण्यात भिजवून भांडं उन्हात धरलं, की पाण्यावर निळी झाक यायची. त्या पाण्यानं आलेले डोळे निवायचे. गु शानच्या हातून ते पाणी डोळ्यांत पडलं, तर दोन दिवस रात्रीचं आभाळसुद्धा निळं दिसायचं, असं म्हणतात.

साल काढायची ती उभी, चार बोटं रुंद, आणि वर्षाला एकच पट्टी. खोडाभोवतीची सगळी साल निघाली, की झाड मेलंच.

एका वसंतात डोळ्यांची साथ आली. पोरांच्या पापण्या पुवानं चिकटल्या. गु शाननं नियम बाजूला ठेवला आणि रोज एक पट्टी काढली. घरोघरची पोरं बरी झाली. खोडावर शेवटची चार बोटं साल राहिली, तेव्हा शेजारची लान आपल्या मुलाला पाठुंगळी घेऊन आली.

"वैद्यबाबा, एवढी एक पट्टी द्या."

"ती काढली तर झाड मरेल, लान. पुढच्या पोरांना मी काय देऊ?"

"पुढची पोरं! मग हे माझ्या पाठीवर आहे ते कोण?"

त्यानं पट्टी दिली नाही. लानचा मुलगा आंधळा झाला.

आठ दिवसांनी गु शानच्या मुलीचे, यिनचे डोळे आले. आईवेगळी, एकुलती पोर. लान दारात येऊन म्हणाली, "आता बघू, वैद्यबाबांना झाड मोठं की पोर."

तीन दिवस गु शान कोयता हातात घेई आणि खाली ठेवी. लानला नाही म्हटलं, ते यिनला कुठल्या तोंडानं द्यायचं? चौथ्या दिवशी त्याला राहवलं नाही. त्यानं शेवटची पट्टी काढली. पाणी कधी नव्हे एवढं निळं झालं.

"निळं झालं का, बाबा?"

"झालं, पोरी."

"मग मला का दिसत नाही?"

उशीर झाला होता. त्याचा शब्द गेला, झाड गेलं, पोरीचे डोळेही गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चुलीवर पेज ठेवली. "येतोच," म्हणून तो ओढ्यावर गेला. अंगरखा उतरवला, सोललेल्या खोडाला छाती लावली आणि दोन्ही हातांनी झाडाला मिठी मारली. लोक हाका मारून दमले. तो हलला नाही. पानगळ झाली, बर्फ पडलं. बर्फ वितळल्यावर लोक पाहायला गेले, तर तिथं माणूस नव्हता. खोडावर नवी साल होती, पाठीएवढी रुंद, मधोमध कण्यासारखी रेघ. त्या वर्षी झाड पुन्हा फुटलं, असं म्हणतात.

लाननंच यिनला हाताला धरून तिथं नेलं. यिननं साल चाचपली आणि म्हणाली, "बाबा, चला घरी. पेज निवतेय."

अजूनही दर वसंतात त्या दिवशी घरोघरी पेज शिजते. लहानथोर डोळे मिटून, एकमेकांचा हात धरून ओढ्यावर जातात. त्या सालीवर तळहात ठेवतात आणि म्हणतात, "बाबा, चला घरी. पेज निवतेय." मग थोडा वेळ थांबतात. झाड हलत नाही. तेव्हा ते डोळे उघडतात, घरी येतात आणि पेज गारच पितात.