भिंतीवरचं घर

पाखरं आणि किडेमुंग्या मिळून भिंती रंगवत, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. एकदा साऱ्यांनी ठरवलं, गल्लीतल्या लांबलचक भिंतीवर आपापलं घर काढायचं. पुढारपण अर्थातच सुगरणीकडे. घर विणण्यात तिचा हात कोण धरणार?

खारीनं ढोली काढली, मुंग्यांनी वारूळ. सुगरण झुलतं घरटं रंगवायला गेली, तर मध्येच भेग! घरट्यात भोक दिसलं की चिखल लावायचा, ही तिची सवयच. तिनं भेग झकास लिंपली आणि वर पिवळंधमक घरटं काढलं.

संध्याकाळी बहिणीकडे गेलेली पाल परतली आणि भिंतीवर सैरावैरा धावू लागली.

"पालमावशी, तुम्हीही काढा की घर!" सुगरण म्हणाली.

"काढते गं, पण आधी माझं सापडू दे. इथंच एक भेग होती."

सुगरणीचा चेहरा उतरला. तिनं आपल्या देखण्या घरट्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि चोचीनं तेच उकरायला घेतलं. रंगाचे पोपडे गळले. मुंग्या हळहळल्या.

सकाळी चित्रं पाहायला सगळी गल्ली लोटली. पिवळ्या घरट्यातल्या भेगेतून पालीनं डोकं बाहेर काढलं.

"या, या, बसा!"

भिंतीवर घरं पुष्कळ होती. 'या, बसा' म्हणणारं तेवढं एकच होतं.