सात पिढ्यांची मोकळी जागा

भाऊसाहेब इनामके यांनी आपल्या वडिलोपार्जित डोंगरउतारावर बंगले बांधले होते आणि एकेक बंगला ते मेहेरबानी केल्यासारखा विकत. निवृत्त शिक्षिका कुमुदताई शहरातलं राहतं घर विकून उरलेलं आयुष्य इथेच काढायच्या बेताने आल्या होत्या. दरी सुंदर होती, पण उतारावरची झाडं सगळी दरीकडे कलली होती.

"पावसात जमीन सरकते का हो इथली?" त्यांनी विचारलं.

"बाई, चुका काढायची शाळेतली सवय सोडा आता. सात पिढ्या गेल्या आमच्या या गावात!"

"राहता कुठे?"

भाऊसाहेबांनी समोरच्या पठाराकडे बोट दाखवलं. सगळं गाव तिथेच दाटीवाटीने वसलं होतं.

"आणि या बाजूला पूर्वी काय होतं?"

"काही म्हणजे काही नाही. कुणाचा हातसुद्धा लागलेला नाही!"

"एवढी देखणी जागा सात पिढ्या घरची, आणि तुमच्यापैकी कुणी इथे साधा गोठाही बांधला नाही," पर्स बंद करत कुमुदताई म्हणाल्या. "तुमच्या वाडवडिलांचा गुरांवर फार जीव असावा."

भाऊसाहेबांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. शेजारच्या गच्चीत दुसरं एक कुटुंब दरीचे फोटो काढत होतं. भाऊसाहेब हसत तिकडे वळले.