पाटावरचं रिव्हॉल्व्हर

तलवारी खुंटीला लटकून नुसत्या फुशारक्या मारायला लागल्या, त्या काळातली ही गोष्ट. आबासाहेबांच्या घरात एक रिव्हॉल्व्हर होतं. त्याच्या पोटात चिमुकलं कुलूप होतं. किल्ली फिरवली की चाप कितीही ओढा, गोळी सुटत नसे.

खंडेनवमीला सगळी शस्त्रं पूजेच्या पाटावर आली. म्हातारी तलवार फिसकन हसली. "कुलूप? अरे, तू शस्त्र आहेस का फडताळ?"

रिव्हॉल्व्हर शरमलं. कुलूप मात्र भडकलं. "आजी, तुमची धार जाऊन जमाना झाला. याच्यात गोळ्या आहेत आणि आबासाहेबांची नात रेवा इथंच खेळते."

"आमच्या वेळी पोरं शस्त्राला हात लावत नसत."

आबासाहेब तलवारीच्याच वळणाचे. "चोर आल्यावर किल्ली शोधत बसू काय?" असं म्हणत त्यांनी कुलूप उचकटून खिळ्यांच्या डब्यात फेकलं, भरलेलं रिव्हॉल्व्हर पाटावर ठेवलं आणि ते आरतीचं तबक आणायला आत गेले.

रेवा रिव्हॉल्व्हरवरून घसरलेला झेंडूचा हार सारखा करायला गेली. हाराचा दोरा चापाला अडकला आणि बार उडाला. तिच्या उजव्या हाताची बोटं गेली.

"लहान आहे, तिला काय कळतंय!" तलवार हळहळली.

"लहान आहे, म्हणूनच तर मला बसवलं होतं!" कुलूप डब्यातून किंचाळलं. कुणी ऐकलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला रेवानं शस्त्रांना डाव्या हातानं कुंकू लावलं. तलवारीनं नाक मुरडलं. "पूजेला डावा हात? काही वळणच नाही हो आजकालच्या पोरांना!"