बगळा कोणाचा?

सोनकुंड संस्थानात नवा कायदा झाला. मालावरचा छाप जो दरबारात नोंदवील, त्याचाच तो छाप. चंद्राक्का लोहारीण वीस वर्षं आपल्या अडकित्त्यांवर बगळा उठवत होती. तिला कायद्याचा पत्ता लागण्याआधीच कारखानदार रावसाहेब मिरीकरांनी तो बगळा स्वतःच्या नावावर नोंदवला आणि नोंदणी अधिकाऱ्याला घेऊन ते भर बाजारात तिच्या दुकानापुढे उभे राहिले.

“बगळा माझा!” रावसाहेब गरजले. “या छापाचा प्रत्येक अडकित्ता माझा, नवा असो की जुना!”

चंद्राक्का भांडायला पुढे सरसावली. पण ‘जुना’ हा शब्द कानी पडताच ती खुदकन हसली.

“मान्य, रावसाहेब!” ती म्हणाली आणि गर्दीकडे वळली. “मंडळी, बगळ्याच्या अडकित्त्याला जन्मभर फुकट धार लावून देईन, असा माझा शब्द होता. आता माल यांचा, तेव्हा धारही हेच लावतील!”

घटकाभरात अख्खा गाव बोथट अडकित्ते घेऊन लोटला. कोणी रावसाहेबांचा अंगरखा ओढू लागलं, कोणी “आधी माझा!” म्हणत अडकित्ता नाकापुढे नाचवू लागलं.

“अहो, हे मी केलेले नाहीत!” रावसाहेब किंचाळले.

“मग कोणी केले?” अधिकाऱ्याने विचारलं.

“हिने! सगळे हिनेच केले!”

“साहेब, एवढं लिहून घ्या,” चंद्राक्का म्हणाली.

“माल तुमचा नाही, तर छापही तुमचा नाही,” असं म्हणून अधिकाऱ्याने हसू दाबत रावसाहेबांचं नाव खोडलं आणि चंद्राक्काचं लिहिलं. त्याबरोबर सगळी गर्दी तिच्याकडे वळली आणि दिवेलागणीपर्यंत चंद्राक्का फुकट धार लावत बसली.