बिनचुलीची अव्वल खोली

गारगडच्या सुभानराव राजांनी फर्मान काढलं: यापुढे दाखल्यावाचून कोणी कुठल्या खोलीत राहायचं नाही! डोंगरावरचं राज्य, हाडं फोडणारी थंडी, आणि सरपणापायी रान उघडं पडत चाललेलं. म्हणून कारभारी नरसोपंतांनी प्रत्येक खोलीत जायचं, तिथं किती लाकूड जळतं ते पाहायचं, आणि सकाळी खोबरेलाची वाटी ठेवून तेल थिजतं का तेही पाहायचं. लाकूड कमी आणि तेल पातळ, तर खोली ‘अव्वल’. लाकूड फार जळत असेल तर खोली ‘रद्द’, आणि राहणाऱ्यांनी पौष लागायच्या आत बोचकं उचलायचं. राजाज्ञेपुढे कोण बोलणार? लोक म्हणाले, बरं!

पंत पेठेतल्या तिमजली इमारतीत शिरले. तळमजल्यावर हैबती भडभुंज्या राहायचा. त्याची भट्टी पहाटेपासून धगधगायची, लाह्या-फुटाणे तडतडायचे. पंतांनी लाकडाचा ढीग पुरता पाहिलाही नाही, लिहिलं ‘रद्द’. सर्वांत वर गोदूकाकूंचं मोठं खटलं, चूल विझायला सवड नाही. तीही ‘रद्द’. मधल्या मजल्यावर ठकू राहायची. ती पत्रावळी लावून पोट भरायची. तिच्या खोलीत चूल नव्हतीच. भाकऱ्या ती हैबतीच्या भट्टीच्या कडेला भाजून घ्यायची आणि बदल्यात त्याला फुटाण्यांसाठी द्रोण द्यायची. पंतांनी तिथं वाटी ठेवली. तेल पाण्यासारखं पातळ राहिलं.

“काडी जळत नाही आणि तेल थिजत नाही!” पंतांना भरून आलं. “बाई, अशी खोली साऱ्या राज्यात नाही!” त्यांनी दाखल्यावर शिक्का मारला आणि फुंकर घालून शाई वाळवली.

ठकू दाखला घेऊन जिना उतरली. खाली हैबतीची बायको भांडी बांधायला लागली होती. ठकू तापाने फणफणली तेव्हा याच बाईने तिला चमच्याचमच्याने पेज पाजली होती. ती आता कडाक्याच्या थंडीत पोरंबाळं घेऊन जाणार कुठे? ठकूने दाखला कमरेला खोचला आणि तडक दरबार गाठला.

“तूच का ती अव्वल ठकू?” राजे खूश झाले. “माग, काय हवं ते माग!”

“माझ्या शेजाऱ्यांना राहू द्या, महाराज.”

“ते सोडून बोल. आमचा हुकूम माघारी येत नाही.”

“येत नाही खरा. पण हुकूमच वाट चुकला असला, तर माघारी यायला लाजू नये त्यानं!”

राजांची भुवई चढली. “जीभ बरीच चालते तुझी! मग ऐक. त्या भडभुंज्याचं एक ढलपंही कमी न करता त्याची खोली अव्वल करून दाखव. जमलं तर सगळे राहतील. नाही जमलं तर तूही त्यांच्याबरोबर बाहेर!”

दरबार हसला. पंत सगळ्यांत मोठ्यानं हसले.

“जमेल,” ठकू म्हणाली. “पण शेजाऱ्यांना आजच बाहेर काढा. आणि उद्या दिवस उगवायला महाराजांनी स्वतः माझ्या खोलीत बसायला यावं.”

“आजच?” राजांनाही ते जरा जास्तच वाटलं.

“शुभस्य शीघ्रम्, महाराज!”

बातमी इमारतीत पोचली तेव्हा गोदूकाकूंनी जिन्यातूनच तोंडाचा पट्टा सोडला. “अगं सटवे, दाखला मिळाला म्हणून आमच्याच मुळावर उठलीस होय!” हैबती भट्टीपाशी गेला. त्याने मुकाट्यानं भट्टीवर पाणी ओतलं. ठकूला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

“दादा, एवढी रात्र धर्मशाळेत काढा,” ती म्हणाली. “उद्या मला काय बोलायचं ते बोला.”

दिवस उगवायला राजे आले. ठकूने घोंगडी अंथरली. राजे बसले. पंतांनी वाटी ठेवली.

“महाराज, शाल काढून बसावं,” ठकू अदबीनं म्हणाली. “अव्वल खोलीत शाल म्हणजे खोलीचा अपमान.”

राजांनी शाल काढली. थोड्या वेळाने पाय पोटाशी घेतले. मग हात काखेत घातले.

“पंत, खिडकी उघडी आहे का?”

“नाही, महाराज.”

“दार?”

“तेही बंदच आहे.”

वाटीतलं तेल कडेने पांढरं होत गेलं, मग मधोमध गोठलं. पंतांनी वाटी उलटी केली, तरी एक थेंब पडेना.

“ही खोली रद्द आहे!” राजे दात वाजवत ओरडले.

“असं कसं, महाराज? खोली तीच, भिंती त्याच, शिक्का तर आपलाच!”

“मग ऊब गेली कुठे?”

“धर्मशाळेत! आपणच काल हाकलली.”

पंत घाईने पुढे झाले. “महाराज, मी नियमानंच मोजलं. लाकूड भट्टीपाशी मोजलं, ऊब इथं मोजली.”

“पंत, तुमच्या घरी गाय आहे?” ठकूने विचारलं.

“आहे की. दुभती आहे.”

“कडबा कुठे खाते?”

“गोठ्यात.”

“आणि दूध कुठे तापतं?”

“स्वयंपाकघरात.”

“मग कडबा गोठ्यात मोजा आणि दूध स्वयंपाकघरात! काडी न खाता दूध देतं म्हणून स्वयंपाकघराला अव्वल दाखला द्या, आणि नुसतीच खाते म्हणून गाईला हाकलून द्या!”

राजे पंतांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग असे हसले, असे हसले की कुडकुडणंच विसरले!

“आणि भडभुंज्याची खोली अव्वल कशी करणार?”

“त्याचं ढलपंही कमी करू नका, महाराज. फक्त एका खोलीच्या माथी मारू नका. त्या भट्टीवर तीन मजले ऊब घेतात, आणि साऱ्या पेठेला फुटाणे मिळतात. इमारत एक, तर दाखलाही एकच द्या!”

“लिहा, पंत! सगळ्या इमारतीला एक दाखला. अव्वल! आणि राजवाड्याच्या पंगतीला यापुढे पत्रावळी ठकूच्याच! बोल ठकू, आणखी काय देऊ? सोन्याचं कडं घालू हातात?”

“थंडीनं हात आखडलाय, महाराज, कडं शिरायचं नाही. आधी हैबतीदादांना बोलावणं धाडा!”

राजे पुन्हा खो खो हसत सुटले. “ऐकलंत ना, पंत? शिपाई नको, तुम्हीच जा. आणि पळत जा, तेवढीच ऊब येईल!”